सरकारी मोजणी झाली असताना पुन्हा कंटूर सर्व्हे कशाला?

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या अलीकडे, आमची वडिलोपार्जित ३२ गुंठे जागा आहे. वरच्या अंगाला रस्ता, मध्ये जुनी भाताची खाचरं आणि आंबा-काजू, खाली पऱ्या (छोटा ओढा). निवृत्तीनंतर तिथे राहायला जायचं आहे. हद्दीची सरकारी मोजणी दोन वर्षांपूर्वी झाली, ‘क’ प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात आहे. तरी आर्किटेक्ट म्हणतात, आधी कंटूर सर्व्हे करून आणा. एकाच जागेसाठी दोनदा खर्च का करायचा? एक जण ड्रोनने अर्ध्या दिवसात करून देतो म्हणतोय. भाचा म्हणतो, गूगल अर्थवरून कंटूर फुकट निघतात. काय करावं?

उत्तर:

आर्किटेक्टचं ऐका. कंटूर सर्व्हे म्हणजे जमिनीची उंची ठिकठिकाणी मोजायची आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा, म्हणजे कंटूरचा, नकाशा काढायचा. पण एवढंच लिहून थांबलो तर खर्चाची शंका तशीच राहील, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी चिपळूणला राहून सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि तुमच्यासारख्या, वर रस्ता आणि खाली पऱ्या असलेल्या जागाच माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त आल्या.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हद्दीची असते. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक जुनं टिपण, गटाचा नकाशा, पोटहिस्सा असेल तर फाळणी असं सगळं समोर ठेवून तुमची रेघ कुठून जाते ते दाखवतो. ‘क’ प्रतीवर तीच रेघ उतरते. उंचीचा एकही आकडा त्यात नसतो, कारण हद्द ठरवायला तो लागतच नाही. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) सपाट जागा असो की डोंगराच्या कुशीतली, ‘क’ प्रत दोन्हीकडे सारखीच दिसते. आर्किटेक्टला मात्र पहिल्या दिवसापासून उंचीच हवी असते. रस्त्यावरून गाडी आत कशी उतरवायची, जोतं कोणत्या पातळीला धरायचं, सेप्टिक टँक कुठे बसवायचा, पावसाचं पाणी घराच्या कोणत्या अंगाने काढायचं, यातलं काहीच ‘क’ प्रतीवरून ठरत नाही.

तरीही ‘क’ प्रत लागतेच, कारण कंटूरच्या नकाशावर हद्द बसवावी लागते. घोटाळे बहुतेक वेळा तिथेच होतात. मालक ‘क’ प्रतीची झेरॉक्स देतात आणि ड्राफ्ट्समन ती स्कॅन करून, ओढूनताणून नकाशाखाली सरकवतो. १:१००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. झेरॉक्सने कागद एक टक्का ताणला तर ५५ मीटरच्या बाजूत आणखी अर्धा मीटर गेला. अशा रेघेवरून सामासिक अंतर सोडून घर बांधायला घेतलं की शेजाऱ्याशी बोलाचाली होणारच. बरोबर रीत म्हणजे भूकरमापकाने दाखवलेले दगड जागेवर शोधायचे आणि टोटल स्टेशनने (तिपाईवरच्या, अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) एकेक दगड मोजून घ्यायचा. दगड सापडले नाहीत तर खासगी सर्व्हेयरला अंदाजाने नवे पुरायला सांगू नका. त्याला तो अधिकार नाही, आणि त्याने पुरलेल्या दगडाला उद्या कोणी विचारणार नाही. पुन्हा हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागेल.

जाता जाता एक बघून ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथे ०.३२.०० लिहिलं असेल तर ते ३२ आर, म्हणजे ३,२०० चौरस मीटर. गुंठा हा ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटरचा. त्या हिशेबाने तुमची जागा ३१.६ गुंठे भरते. गावात दोन्हीला गुंठाच म्हणतात, आणि सर्व्हेनंतर ‘अर्धा गुंठा कुठे गेला’ म्हणून मला फोन येतात.

आता उताराकडे वळू. समजा रस्त्यापासून पऱ्यापर्यंत तुमची जागा ५५ मीटर लांब आहे आणि तेवढ्यात ती ११ मीटर उतरते. सरासरी उतार झाला १:५. हा आकडा सरकारी नियमांच्या दृष्टीनेही नाजूक आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत डोंगरउताराच्या जमिनीवर १:५ पेक्षा तीव्र उतार असला की बांधकामाला आडकाठी येते. तुमच्या जागेला त्यातलं नेमकं काय लागू होतं ते आर्किटेक्ट बघतील. पण जमीन सरासरीने उतरत नसते. वरचे दहा मीटर १:३ ने झपकन खाली येतात, मधला वीसेक मीटरचा पट्टा १:९ चा निघतो, मग पुन्हा पऱ्याकडे घसरण. डोळ्यांना झाडीतून हे कळत नाही. घर त्या मधल्या पट्ट्यावर बसवलं तर खोदाई थोडक्यात आटपते, आणि दहा मीटर वर सरकवलं तर मागच्या बाजूला दोन पुरुष उंचीची भिंत बांधावी लागते. कंटूर सर्व्हेचे पैसे वसूल होतात ते इथे, लाइनआउटच्याही (जमिनीवर पायाची आखणी करण्याच्याही) आधी.

गाडीचा रस्ता हेही असंच मोठं कलम आहे. जोतं रस्त्यापेक्षा चार मीटर खाली धरलं आणि गाडीसाठी १:८ चा उतार ठेवला तर ३२ मीटर लांबीची वाट लागते. पावसाळ्यात शेवाळ धरणाऱ्या कोकणात त्याहून खडा उतार मी कोणाला सुचवत नाही. ती वाट जागेत कुठून वळवायची, कोणता आंबा वाचवायचा, हे सगळं कंटूरवरच आखलं जातं.

यातलं सगळ्यांत महत्त्वाचं मला वाटतं ते माझ्या एका चुकीवरून सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जागा तुमच्यासारखीच, जुन्या भातखाचरांची. खाचरं म्हणजे पायऱ्या: एक सपाट कुणगा (भाताचा तुकडा), मग गडगा (रचलेल्या दगडांचा बांध), खाली दुसरा कुणगा. मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे पाच मीटरची जाळी धरून ओळीने लेव्हल घेतल्या, एकही चौकोन चुकवला नाही. सॉफ्टवेअर काय करतं, तर जवळजवळचे तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण पाडतं आणि त्रिकोणाच्या पृष्ठभागावरून कंटूर काढतं. माझे बिंदू कुणग्यांच्या मधोमध पडले होते. गडग्याच्या माथ्यावर एकही बिंदू नव्हता, पायथ्याशीही नव्हता. त्यामुळे वरच्या कुणग्यातला बिंदू थेट खालच्या कुणग्यातल्या बिंदूला जोडला गेला, आणि कागदावर एक छान, एकसारखा, गुळगुळीत उतार तयार झाला. नकाशा इतका देखणा होता की मी स्वतःच खूश होतो. लाइनआउटच्या दिवशी चार कॉलमच्या बुर्ज्या (आखणीच्या खुणा) वरच्या कुणग्यात आणि बाकीच्या खालच्या कुणग्यात पडल्या, मध्ये दीड-पावणेदोन मीटरचा उभा टप्पा. इंजिनिअरने सलग जोतं धरून पायाची खोली काढली होती. काम थांबलं. मालकांनी मला शब्दानेही दुखावलं नाही, ते जास्त लागलं. सर्व्हे मी पदरमोड करून पुन्हा केला.

तेव्हापासून माझी कामाची रीत उलटी झाली. जमीन जिथे जिथे मोडते त्या रेघा आधी घेतो, आणि जाळी त्यानंतर. गडग्याचा माथा एक रेघ, पायथा दुसरी. बांधाच्या दोन्ही कडा, पऱ्याचा तळ, दोन्ही काठ, रस्त्याची कड, गटाराचा तळ, पाखाडीच्या पायऱ्या. या रेघांना आमच्याकडे ब्रेकलाइन म्हणतात, आणि त्रिकोण त्या ओलांडू नयेत असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. अशा नकाशात कंटूर गडग्यापाशी एकमेकांना चिकटतात आणि कुणग्यात लांब जातात. दिसायला खडबडीत, पण जमीन तशीच असते. सर्व्हेयरला काम देण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारा: गडग्याचा माथा आणि पायथा दोन्ही घेणार का? उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा शोधा.

पऱ्याचंही तसंच. बहुतेक लोक हद्दीशी येऊन थांबतात, कारण पैसे हद्दीच्या आतल्या गुंठ्यांचे ठरलेले असतात. पाणी मात्र हद्द बघून वाहत नाही. पऱ्या तुमच्या जागेच्या वर आणि खाली निदान पंचवीस-तीस मीटर मोजायला हवा. खाली मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) असेल तर तिच्या नळाचा तळ आणि रुंदी हवी. मोरी लहान असली की जुलैच्या एखाद्या रात्री पाणी तिच्यामागे तुंबतं आणि तुमच्या खालच्या कुणग्यात शिरतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पाणी आजवर सगळ्यांत वर कुठे आलं होतं. त्यांनी दाखवलेला दगड किंवा झाड मोजून नकाशावर तारखेसकट लिहायला लावा. चिपळूणात २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्यात. नंतरच्या किती तरी कामांत मी आधी त्या खुणेची पातळी घेतली आणि मग जोत्याची चर्चा सुरू केली. मोठ्या नद्यांना पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची. त्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत दिलेल्या असतात, म्हणून नदीकाठच्या जागेचा सर्व्हे त्याच पातळीशी जोडावा लागतो. तुमच्या पऱ्याला अशी रेषा बहुधा नसेल. तिथे गावकऱ्यांची आठवण हीच पूररेषा.

हद्दीबाहेरच्या आणखी थोड्या गोष्टी लागतात. रस्त्याचा मध्य आणि कड, शेजारच्या घराचं जोतं, विजेचे खांब, वरून तारा गेल्या असतील तर सगळ्यांत खाली झुकलेल्या तारेची उंची. आत मोठ्या झाडांचे बुंधे, घेरासकट, कारण तोडायचं झालं तर परवानगीला हेच लागतं. विहिरीचा काठ आणि पाण्याची पातळी, तारखेसह. मार्चमधलं पाणी आणि सप्टेंबरमधलं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जांभा उघडा पडला असेल तिथला कातळ, जुनी चिरेखाण बुजवली असेल तर तिची कड. गावाची वहिवाट तुमच्या जागेतून जात असेल तर ती पायवाट लपवू नका, मोजून घ्या. आणि एखाद्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, जागेवाला, असेल तर तोही. मी एकदा असा दगड ‘किरकोळ’ म्हणून नकाशात सोडला होता. नेमका तिथे पार्किंगचा कोपरा आला, गडी कामावर येईनात, आणि शेवटी ड्रॉइंग बदललं.

आता यंत्रांबद्दल, म्हणजे ड्रोनचं आणि भाच्याचंही उत्तर मिळेल.

गूगल अर्थवरून निघणारे फुकट कंटूर बहुतेक उपग्रहाच्या किंवा अवकाशयानाच्या मोजणीवर उभे असतात. त्यातली सगळ्यांत वापरली जाणारी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली आहे, साधारण ३० मीटरच्या चौकोनांची. तुमची अख्खी जागा अशा साडेतीन चौकोनांत मावते. त्या साडेतीन आकड्यांमधून सॉफ्टवेअर अर्ध्या मीटरचे कंटूरही काढून देईल, मागाल तर दहा सेंटिमीटरचेही. शिवाय त्या उंचीत मीटर-मीटरच्या चुका असतात आणि झाडीचा शेंडा जमिनीत मिसळलेला असतो. धरणाचं पाणलोट किंवा घाटरस्त्याची ढोबळ दिशा बघायला हे उत्तम. घराला नाही.

ड्रोनला मी नावं ठेवत नाही, माझ्याकडेही आहे. सड्यावरची वीस एकर उघडी जमीन असेल, गवत वाळलेलं असेल, तर माणसांनी आठवडाभर उन्हात फिरण्यापेक्षा ड्रोन केव्हाही बरा. जमिनीवर नीट मोजलेल्या खुणा ठेवल्या तर निकालही चांगला येतो. पण साधा ड्रोन फोटो काढतो आणि फोटोतून उंची काढतो. फोटोत जे दिसत नाही त्याची उंची त्याला कळत नाही. आंबा आणि काजू दोन्ही बारमाही हिरवे. त्यांच्याखालची जमीन वरून दिसणार नाही आणि झाडाचा घेर टेकडी म्हणून नकाशात येईल, किंवा सॉफ्टवेअर तो पुसून तिथे अंदाजाची जमीन भरेल. दुसरं जास्त वाईट, कारण ते ओळखू येत नाही. लिडारचा, म्हणजे लेसर किरणांनी मोजणारा ड्रोन पानांतून काही किरण खाली पोचवतो, पण बत्तीस गुंठ्यांसाठी त्याचा खर्च परवडत नाही. ड्रोनवाला आलाच तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि परवाना आहे का, तुमचा भाग हरित क्षेत्रात (वेगळ्या परवानगीविना ड्रोन उडवता येणाऱ्या भागात) येतो का, एवढं विचारून घ्या. त्याच्याकडून हवाई छायाचित्र घ्या, आर्किटेक्टला ते आवडतं. लेव्हल त्यावरून नको.

तुमच्या जागेला टोटल स्टेशनच हवं. सोबत दोन-तीन ठिकाणी आरटीके रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारं, लोक सरसकट ज्याला डीजीपीएस म्हणतात ते यंत्र. उघड्या आभाळाखाली रोव्हर आडव्या मापात दोनेक सेंटिमीटर आणि उंचीत त्याच्या दुपटीच्या आसपास देतो. झाडाखाली गेला की ‘फिक्स’चा (पक्क्या मापाचा) ‘फ्लोट’ (ढोबळ अंदाज) होतो आणि तीच उंची अर्धा मीटर इकडेतिकडे नाचायला लागते. घाईतला माणूस फ्लोटमध्येही बटण दाबून पुढे जातो. म्हणून रोव्हरने रस्त्यावर दोन-तीन पक्के बिंदू घ्यायचे, ते एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवायचे, आणि आतलं सगळं टोटल स्टेशनने. हे बिंदू तीस मीटरवरच घेतले आणि त्यात दोन सेंटिमीटरची चूक असली, तर शंभर मीटर दूर ती सहा-सात सेंटिमीटर होते.

रोव्हरच्या उंचीचा एक गमतीचा प्रकार सांगतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती अंडाकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून जास्त अंतर आहे, आणि समुद्र त्या अंडाकाराच्या खाली आहे. म्हणून गणपतीपुळ्याच्या वाळूत उभं राहून कच्ची उंची बघितली तर ती उणे साठच्या घरात दिसते. एका मालकांनी नकाशावर उणे आकडे बघून मला विचारलं होतं, जागा समुद्राखाली आहे का! फरक कळून वापरला तर काही बिघडत नाही. अर्धा सर्व्हे एका प्रकारच्या उंचीने आणि अर्धा दुसऱ्या प्रकारच्या उंचीने केला, तर मात्र गोंधळ.

घरासाठी समुद्रसपाटीची गरज नाही. रस्त्याकडच्या मोरीच्या कठड्याला १००.००० धरा आणि बाकी सगळं त्यावरून मोजा. या ठरवलेल्या खुणेला आम्ही टीबीएम म्हणतो. तुमच्या कामात ती निदान दोन ठिकाणी हवी, एक रस्त्यावर आणि एक आत, आणि दोन्ही अशा वस्तूंवर ज्या बांधकाम संपेपर्यंत हलणार नाहीत. झाडाचं मूळ नको, सुटा धोंडा तर मुळीच नको. एका जागेवर मी मोठ्या धोंड्यावर लाल रंगाने फुली मारून टीबीएम केली होती, चार माणसांना हलणार नाही असा. जेसीबीवाल्याने दुसऱ्याच दिवशी तो वाटेतून बाजूला केला आणि वर सांगितलं, ‘साहेब, तुमची फुली वरच ठेवली हां.’ दुसरी टीबीएम रस्त्यावर होती म्हणून निभावलं.

खर्चाचा हिशेब आता करू. तुमच्या ३,२०० चौरस मीटरवर सर्व्हे सरसकट ३० सेंटिमीटरने चुकला तर माती ९६० घनमीटर इकडची तिकडे होते. ब्रासमध्ये सांगायचं तर जवळपास ३४० ब्रास, चार ब्रासच्या हायवाने ८५ खेपा. प्रत्यक्षात जास्तच, कारण खोदलेला मुरूम फुगतो. सगळ्या जागेवर भराव किंवा खोदाई होणार नाही हे मान्य, चौथाई जागेवर झाली तरी वीसेक खेपा. कंत्राटदाराचं बिल या आकड्यांवरच निघतं. खोदाईआधीची जमीन कागदावर नसेल तर ‘इथे पूर्वी टेकाड होतं’ या त्याच्या म्हणण्याला तुमच्याकडे उत्तर नसतं. तहसील कार्यालयात गौण खनिजाचा प्रश्न निघाला की किती उत्खनन केलं हे तिथेही मोजूनच ठरवतात. कंटूर सर्व्हे हा आधीच्या जमिनीचा पुरावा आहे, खोदाई सुरू झाल्यावर तो परत कधीच करता येत नाही.

काम ठरवताना दर गुंठ्यावर घासाघीस करण्यापेक्षा काय मिळणार ते लिहून घ्या. तुमच्या जागेला जाळी चार-पाच मीटरची, वर ब्रेकलाइन, मिळून साडेतीनशे-चारशे बिंदू व्हावेत. शंभर-सव्वाशे बिंदूंत उरकलेला नकाशा घेऊ नका. कंटूर अर्ध्या मीटरचे. १:५ च्या उतारावर ते जमिनीवर अडीच-अडीच मीटरवर येतात, १:२०० च्या कागदावर सव्वा सेंटिमीटर, छान वाचता येतात. छापील नकाशाबरोबर कॅडची फाइल हवी. शिवाय प्रत्येक बिंदूचा क्रमांक, पूर्वांतर, उत्तरांतर, उंची आणि तो कशाचा आहे हे सांगणारी कच्ची यादी हवी. कच्ची यादी द्यायला काही जण कां-कूं करतात. ती असली की उद्या दुसरा कोणीही तुमचं काम पुढे नेऊ शकतो, आणि नेमकं तेच त्यांना नको असतं. टीबीएमचे फोटो, कठड्यापासूनच्या मापांसह. नकाशावर उत्तर दिशा, सर्व्हेची तारीख, आणि हद्द कशावरून घेतली ते स्पष्ट शब्दांत: दगडांवरून की ‘क’ प्रतीवरून. दगडांमधलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळलं नाही तर दोन्ही आकडे लिहायला सांगा. जुळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध.

    

नकाशा हातात आला की पैसे देण्याआधी तुम्हीच तपासा, यंत्र लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल पाइप घ्या, पंधरा मीटरची पारदर्शक नळी. जागेतल्या पाच जोड्या निवडा, गडग्याचा माथा-पायथा त्यात हवाच, आणि पाण्याच्या पातळीने दोन बिंदूंमधला फरक मोजा. नकाशातल्या फरकाशी पाच-सात सेंटिमीटरमध्ये जुळला तर ठीक. मग कंटूरकडे नुसतं बघा. पऱ्यावर कंटूरचं टोक नेहमी वरच्या अंगाकडे वळलेलं दिसायला हवं. डोंगराच्या सोंडेवर ते खाली झुकतं. दोन कंटूर एकमेकांना छेदत नाहीत. आणि एखाद्या एकट्या बिंदूभोवती गोल गोल कंटूर दिसले, जणू तिथे विहीर किंवा वारूळ आहे, तर त्या जागी जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं. झालेलं असतं असं की झुडपावरून प्रिझम (यंत्र ज्यावर नेम धरतं ती काठीवरची काच) दिसावा म्हणून पोऱ्याने काठी दीड मीटरवरून अडीच मीटर केली आणि यंत्रावरच्या माणसाला सांगायचं राहिलं.

कधी करावं म्हणाल तर पावसाळा सोडून. दिवाळीनंतरही रान माजलेलंच असतं. जानेवारीत बागेची बेणणी झाली की जमीन मोकळी होते, गडगे दिसतात, आणि यंत्राला नजर मिळते. तेव्हापासून मेपर्यंत केव्हाही. माणसं दोन-तीन, जागेवर दीड दिवस, टेबलावर एक. कोयता घेतलेला एक गावचा गडी सोबत द्या. पऱ्याच्या काठच्या करवंदीतून वाट तोच काढतो, आणि जुना गडगा कुठे ढासळून मातीत गेलाय हेही तोच सांगतो.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. आधी एखाद्या रविवारी गावी जाऊन हद्दीचे दगड शोधा, फोटो काढा. सगळे सापडले तर सर्व्हेयर लगेच ठरवा आणि काम सुरू होण्याआधी त्याची आर्किटेक्टशी अर्धा तास गाठ घालून द्या, म्हणजे घर साधारण कुठे येईल तिथे तो बिंदू दाट घेईल. दगड गेले असतील तर मोजणीचा अर्ज करा, आणि भूकरमापक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी टोटल स्टेशनवालाही जागेवर हजर ठेवा. भूकरमापकाने खूण केली की तासाभरात ती आमच्या यंत्रात गेलेली असते, मग दगड राहो की जावो.